नाव मिळाल्यावर झाडाचं काय होतं?

शंकेखोर : वर्षावनात नवं फुलझाड सापडल्याची बातमी वाचली की मला पहिला प्रश्न पडतो : सापडलं कोणाला? या जंगलांमध्ये आणि त्यांच्या कडेला माणसं राहतात. त्या झुडपाजवळून त्यांचं येणं-जाणं असतं, त्याच्या काठ्या ते तोडतात, त्याचं फळ खायचं की नाही हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक असतं. मग दूरच्या एखाद्या संस्थेत कोणीतरी चार वाळक्या फांद्या समोर घेऊन बसतो, पानांची लांबी-रुंदी मोजतो, लॅटिन वळणाचं नाव देतो, आणि त्या दिवसापासून ते झुडूप ‘नवं’ ठरतं. झाडाच्या आयुष्यात त्या दिवशी काहीही घडलेलं नसतं. जे घडतं ते आपल्या कागदावर. मग एवढा आनंद कशाचा?

अभ्यासक : ते झाड आपण सर्वांत आधी पाहिलं, असा दावा वर्णन करणारा करतच नाही. त्याचा दावा वेगळा असतो आणि माझ्या मते तो अधिक अवघड असतो. आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या वनस्पतींशी ताडून पाहिलं, त्यांपैकी ही कोणतीच नाही, असं त्याला पुराव्यानिशी सांगावं लागतं. गावकऱ्याला आपल्या जंगलातलं झाड ओळखता येतं. तेच झाड शेजारच्या देशात वाढतं का, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पेरूमधल्या मनू राष्ट्रीय उद्यानातलं उदाहरण घ्या. रॉबिन फॉस्टर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1973 साली तिथल्या एका छोट्या झाडाची फांदी गोळा केली. नारिंगी, पातळ कागदी सालीची फळं होती. झाड दुर्मीळ वाटावं असंही नव्हतं. पण त्याच्यात एकाच वेळी निरनिराळ्या कुळांची लक्षणं दिसत होती आणि कोणत्याही एका कुळात ते बसेना. नमुना शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये राहिला. तज्ज्ञ पाहत, विचारात पडत आणि तो पुन्हा कपाटात जाई. वाळलेल्या जुन्या फांदीतून डीएनए नीट मिळेना. पुढे पॅट्रिशिया अल्वारेझ-लोआयझा यांनी, ज्यांनी मनूमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आहे, ताजे नमुने आणले तेव्हा तपासणीतून ‘पिक्राम्निएसी’ या अगदी लहान कुळाकडे बोट गेलं. त्यावर आधी विश्वास बसला नाही, कारण त्या कुळातल्या झाडांसारखं हे वरवर दिसतच नव्हतं. मग दोन-तीन मिलिमीटरची फुलं भिंगाखाली नीट पाहिली गेली आणि सगळा उलगडा झाला. 2021 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं : ‘एनिग्मानू अल्वारेझिए’. प्रजातीच नव्हे, वंशही नवा. गोळा केल्यापासून 48 वर्षांनी.

शंकेखोर : तुम्ही हे कौतुकाने सांगता आहात, मला मात्र त्यात आरोप ऐकू येतो. 48 वर्षं! त्या काळात अॅमेझॉनच्या खोऱ्यातलं किती जंगल गेलं! मनू राष्ट्रीय उद्यान होतं म्हणून ते झाड टिकलं. बाहेर असतं तर कपाटातली फांदी उरली असती आणि झाड नसतं.

अभ्यासक : ते खरंच आहे, आणि हे एकट्या मनूचं नाही. 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने वर्णन झालेल्या फुलझाडांपैकी गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेली फक्त 16 टक्के निघाली. जवळजवळ पाव हिस्सा वर्णनांमध्ये वापरलेले नमुने 50 वर्षांहून जुने होते. त्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्म्याहून अधिक आज कुठल्या ना कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कागदावर चिकटवलेल्या आहेत. म्हणून मी म्हणते, जंगलात जाणारे लागतातच, पण कपाट उघडून बसणारेही लागतात. एखाद्या वंशावर आयुष्य घालवलेला माणूस निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कोणी येत नाही, तेव्हा ती कपाटं मुकी होतात.

शंकेखोर : आणि तरीही, इतक्या कष्टाने दिलेलं नाव टिकेल याची खात्री काय? लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या यादीत 2021 साली संवहनी वनस्पतींच्या मान्य प्रजाती सुमारे 3 लाख 43 हजार होत्या आणि नावं 13 लाखांहून अधिक. म्हणजे तुमच्या लोकांनी एकेका झाडाला पुन्हा पुन्हा ‘नवं’ म्हटलेलं आहे. एकाने पान लांब पाहिलं, नवी प्रजाती. दुसऱ्याने फुलावर लव पाहिली, आणखी एक. प्रजाती निसर्गात असते की तुमच्या मतात?

अभ्यासक : दोन्हीकडे असते, आणि म्हणूनच वर्णनाची पद्धत इतकी काटेकोर आहे. प्रत्येक नव्या नावामागे एक टाइप नमुना ठरवावा लागतो : एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवशी गोळा केलेली, ठरावीक हर्बेरियममध्ये ठेवलेली एक फांदी. नाव त्या फांदीला बांधलेलं असतं. जवळच्या प्रजातीपेक्षा ही नेमकी कशात वेगळी आहे ते लिहावं लागतं : देठ किती लांब, पानाच्या मागे शिरा किती, पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, केसर कसे, फळात बिया किती. उद्या कोणाला वाटलं की मी चुकले, तर माझी परवानगी न घेता तो ती फांदी काढून मोजू शकतो आणि माझं नाव रद्द करू शकतो. तुम्ही सांगितलेल्या 13 लाख नावांमध्ये अशी रद्द झालेली नावं पुष्कळ आहेत. ती चुकांची यादी आहे हे मान्य. पण त्या चुका पकडता आल्या, कारण प्रत्येक नावामागे पुन्हा पाहता येईल अशी वस्तू होती. नुसत्या आठवणीवर किंवा फोटोवर ठेवलेल्या नावाचं असं करता आलं नसतं.

शंकेखोर : ठीक. शास्त्र म्हणून ते चोख आहे असं धरतो. पण तुमचे लोक वर्तमानपत्रांना सांगतात ते वेगळं असतं. ‘नाव दिलं की संरक्षण मिळतं, ज्याला नाव नाही ते वाचवता येत नाही,’ असं सांगतात. हे तपासू. कॅमेरूनचं एबो जंगल घ्या. 2022 च्या जानेवारीत तिथल्या एका लहान झाडाचं वर्णन प्रसिद्ध झालं, ‘युव्हेरिऑप्सिस डिकॅप्रिओ’. सीताफळाच्या कुळातलं, जेमतेम चार मीटर उंच, पिवळसर हिरवी चकचकीत फुलं थेट खोडावर येतात. हॉलिवूडच्या नटाचं नाव दिल्यामुळे जगभर बातमी झाली. आता तारखा पाहा. 2020 मध्ये सरकारने एबोत लाकूडतोडीला वाट मोकळी केली. शास्त्रज्ञांनी पत्र लिहिलं, त्या नटाने समाजमाध्यमांवरून आवाज उठवला, लोकांनी विरोध केला आणि ऑगस्ट 2020 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या वेळी या झाडाला नाव नव्हतं. नाव मिळालं 2022 मध्ये. आणि 2023 मध्ये सरकारने एबोचा एक भाग पुन्हा लाकूडतोडीसाठी वर्गीकृत केला. नाव नसताना जंगल वाचलं, नाव आल्यावर पुन्हा धोक्यात आलं. तुमच्या म्हणण्याच्या नेमकं उलट!

अभ्यासक : तारखा बरोबर आहेत. पण एक गोष्ट सुटते आहे. 2020 च्या त्या पत्राला वजन होतं, कारण एबोच्या वनस्पती आणि प्राण्यांवर त्याआधी कित्येक वर्षं काम झालेलं होतं. या जंगलाबाहेर कुठेही न आढळलेल्या वनस्पतींची वर्णनं झालेली होती. तिथला गोरिलांचा एकाकी कळप 2002 मध्ये नोंदला गेला होता. चिंपांझी दगडाने कवचाची फळं फोडतात, हे लिहिलं गेलं होतं. नावं आणि नोंदी नसत्या तर पत्रात ‘तिथे पुष्कळ झाडं आहेत’ एवढंच लिहिता आलं असतं आणि त्यावर कोणत्याही सरकारचं उत्तर ठरलेलं असतं : झाडं आहेत म्हणूनच तोडायची आहेत. नाव म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यासारखं आहे. सातबारा हातात असला म्हणून कोणी बांध कोरणार नाही असं नाही. पण तो नसेल तर तहसीलदारासमोर उभं राहून बोलायचं काय? आता प्रजातीला नाव मिळालं की तिचा धोका मोजता येतो. जागतिक लाल यादीच्या पद्धतीत दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखून ती किती चौकोनांत आहे ते पाहतात. एकाच जागी सापडणारं झाड म्हणजे चार चौरस किलोमीटर. प्रौढ झाडं 50 हून कमी उरली असतील तर तेवढ्यावरच ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते. कर्ज देणारी बँक, खाण कंपनीचा पर्यावरण अहवाल, न्यायालय, सगळीकडे हाच कागद मागतात. अनामिक झुडूप तिथे मोजलंच जात नाही.

शंकेखोर : सातबारा म्हणालात हे बरं झालं. कारण सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं. एबोवर पिढ्यान् पिढ्या ज्यांचा हक्क होता ते बानेन लोक. त्यांना 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या बंडाळीच्या काळात, जंगलातल्या गावांतून बाहेर काढलं गेलं आणि आजही ते त्या जमिनीवर परत जायचा हक्क मागत आहेत. 2020 मध्ये झगडणाऱ्यांत तेही होते. झाडाच्या नावात मात्र आला नट. मला त्या नटाबद्दल काही म्हणायचं नाही, त्याच्या आवाजाचा उपयोग झाला. माझा प्रश्न असा आहे की जिथली वनस्पती आहे तिथल्या माणसाची त्या वर्णनात जागा कोणती? वाटाड्या म्हणून आभाराच्या ओळीत? तुमची आंतरराष्ट्रीय नियमसंहिता तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत असेल तरच मानते. 2012 पर्यंत इंग्रजीही चालत नव्हती. मराठीत, कोकणीत किंवा बानेन लोकांच्या भाषेत कितीही अचूक वर्णन लिहिलं तरी त्या नावाला मान्यता नाही.

अभ्यासक : इथे माझ्याकडे बचाव नाही, आणि मी तो करणारही नाही. जगभर कोणालाही वाचता यावं म्हणून एक-दोन भाषा ठरवल्या, एवढं कारण मला पटतं. पण ज्याचं ज्ञान वापरलं त्याचं नाव न घेण्याचं कारण त्यातून मिळत नाही. वेगळा पायंडा तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता, आणि तो आपल्या किनाऱ्यावरच. डच अधिकारी हेन्रिक व्हॅन रीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात त्याचे 12 खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याची साक्ष आहे. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी पंडितांचं निवेदन त्यांच्या भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पुढे 1753 मध्ये भारतातल्या कितीतरी वनस्पतींना नावं देताना याच ग्रंथाचा आधार घेतला. व्हॅन रीडे हा वसाहतीचा कारभारी होता आणि त्याचा हेतू व्यापाराचा होता, हे विसरायचं नाही. तरीही माहिती कोणी दिली, ते त्याने त्यांच्याच अक्षरांत छापलं. आजच्या शोधनिबंधांत हे अपवादाने दिसतं.

शंकेखोर : आणखी एक भीती सांगतो. वर्णनात ठिकाण लिहावं लागतं. व्हिएतनाममधल्या ‘पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्से’ या आमरीचं 1999 मध्ये वर्णन झालं आणि काही वर्षांतच संग्राहकांच्या टोळ्यांनी जंगलातली रोपं जवळजवळ साफ केली. नाव नसतं तर तिला बाजारात भावही आला नसता. म्हणजे तुमचा कागद न्यायालयात चालतो तसा चोरालाही चालतो.

अभ्यासक : त्या आमरीचं वर्णन तर बागेत वाढलेल्या रोपावरून झालं होतं, म्हणजे ती वर्णनाआधीच बाजारात आली होती. पण मुद्दा मोडीत निघत नाही. आता बरेच जण नेमके अक्षांश-रेखांश छापत नाहीत. फक्त तालुका किंवा डोंगररांग लिहितात आणि बाकी तपशील हर्बेरियमकडे ठेवतात. तरी गुप्ततेचीही किंमत असते. इक्वेडोरच्या पश्चिमेला सेन्तिनेला नावाची डोंगरधार आहे. तिथलं जंगल इतकं तुटलं की एखाद्या जागेवरच्या प्रजाती कायमच्या नष्ट होण्याचं ते ठळक उदाहरण ठरलं. 2000 साली तिथल्या जुन्या नमुन्यांवरून एका छोट्या नारिंगी फुलाच्या वनस्पतीला नाव दिलं गेलं तेच ‘गॅस्टरॅन्थस एक्स्टिंक्टस’. वर्णन करतानाच ती संपली असावी असं धरलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये उरल्यासुरल्या जंगलाच्या तुकड्यांत ती जिवंत सापडली. शोधणाऱ्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं, कारण फुलाच्या पिशवीसारख्या फुगवट्याचं वर्णन आणि वाळलेले नमुने समोर होते. ते तुकडे कोणाच्या मालकीचे, ते तोडू नका असं कोणाला सांगायचं, हे मग ठरवता आलं. ठिकाण पूर्ण झाकलं असतं तर हे कसं झालं असतं?

शंकेखोर : मग मुद्दा असा उरतो की ठिकाण कोणापासून झाकायचं आणि कोणाला सांगायचं. आज ते चोरापासून झाकलं जातं आणि त्याच झटक्यात गावापासूनही झाकलं जातं. आपल्याकडचं सांगा. सह्याद्रीतही नव्या प्रजाती वर्णन होतातच.

अभ्यासक : होतात, आणि हा वारसा जुना आहे. सोनघंटा तुम्हाला ठाऊक असेल : भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं झुडूप, लोंबणारी सुंदर पिवळी-केशरी फुलं. त्याचं शास्त्रीय नाव ‘अब्युटिलॉन रानडेई’. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले वुडरो आणि क्यूचे वनस्पतिशास्त्रज्ञ स्टाप्फ यांनी 1894 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ते महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहाचं काम पाहणाऱ्या रानडे यांचं. सह्याद्रीच्या मोजक्या कड्याकपाऱ्यांपलीकडे ते झुडूप जगात कुठे नाही. त्याला नाव मिळून सव्वाशे वर्षं उलटली. ते आजही दुर्मीळच आहे. तुमच्या बाजूने बोलायचं तर नावाने त्याला वाढवलं नाही. माझ्या बाजूने बोलायचं तर त्याची बी रुजवून रोपं करण्याचे, ती पुन्हा डोंगरात लावण्याचे प्रयत्न झाले ते ‘हे दुसरीकडे कुठेच नाही’ हे माहीत होतं म्हणून.

शंकेखोर : पण ज्या गावाच्या कड्यावर ते उभं आहे, त्या गावाला हे माहीत आहे का? वणवा लागतो तेव्हा विझवायला धावणारा माणूस तिथला असतो. रस्ता रुंद करायला यंत्र येतं तेव्हा हटकू शकणारा माणूसही तिथलाच. शोधनिबंध वाचणारा पुण्यात किंवा लंडनमध्ये असतो. तुम्ही वर्णन केलंत, नमुना जमा केलात, पुढच्या वंशाकडे वळलात. पाच वर्षांनी ते झुडूप आहे की गेलं हे पाहायला कोण जाणार, हे कुठल्या वर्णनात लिहिलेलं असतं?

अभ्यासक : लिहिलेलं नसतं. वर्णनात टाइप नमुना कुठे ठेवला हे सांगणं बंधनकारक आहे, झाडाकडे पुन्हा कोण जाणार हे सांगणं नाही. मी इतकंच म्हणेन की वर्णन करणाऱ्याच्या अंगावर सगळं टाकू नका. आधीच माणसं थोडी आहेत आणि जगात दरवर्षी सुमारे दोन हजार नव्या वनस्पतींचं वर्णन होत असताना बाकीच्या कितीतरी संपण्याच्या मार्गावर आहेत. मी एकाच झुडपाची राखण करत बसले तर दुसरी दहा नावाशिवाय जातील. आणि घाई केली, फळ न पाहता, एकाच फांदीवरून लिहिलं, तर उद्या ते नाव रद्द होईल आणि त्यावर उभं केलेलं संरक्षणही डळमळेल. या दोन्हींच्या मध्ये आम्ही उभे आहोत. थांबायचं किती, हे मला आजही दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

शंकेखोर : तुमचा वेळ मागत नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावा, एवढं मागतो. आपल्या जैवविविधता कायद्याने, 2002 च्या, गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ज्यांचा आयुष्यभर आग्रह धरला त्याच या वह्या. गावात काय उगवतं, त्याचा उपयोग काय, हे गावानेच लिहायचं. त्या वहीत आणि तुमच्या शोधनिबंधात गाठ कुठे पडते?

अभ्यासक : आज पडत नाही. पडायला हवी हे मला मान्य आहे. पण वही उघडी राहिली तर तुम्हीच सांगितलेला तो चोर ती वाचेल, ही माझी काळजी तुम्ही अजून दूर केलेली नाही.

शंकेखोर : नाही केली. गावावर विश्वास टाकल्याशिवाय ती दूर होणार नाही, आणि विश्वास टाकला तर कधीतरी दगा होईल हेही मी नाकारत नाही. पण ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे आणि ज्याच्या हातात ती थांबवण्याची ताकद आहे, त्यालाच अंधारात ठेवून झाड टिकेल असं मला वाटत नाही.

अभ्यासक : मग कायद्यात काय आहे तेवढं सांगून थांबते. त्याच कायद्याच्या 39व्या कलमानुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती कळवावी लागते आणि तिचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. गावाच्या नोंदवहीचा उल्लेख त्या कलमात नाही. तो येईपर्यंत थांबायची गरज नाही. सह्याद्रीत नवं झुडूप वर्णन करणाऱ्या प्रत्येकाने निबंध छापून आला की त्याचा मराठी सारांश, फुलाच्या चित्रासह, त्या गावच्या समितीकडे नेऊन द्यावा, आणि ठिकाण वहीत किती लिहायचं हे समितीसोबत बसून ठरवावं.